तुळशीदास घाडीचे एकशे ऐंशी ग्लास

२४ डिसेंबर १९८७. रुपये तीन हजार पाचशे शहात्तर फक्त.

एवढ्या रकमेचा चेक त्या गुरुवारी मी आमच्या कंपनीच्या ऑफिसर्स क्लबच्या खात्यावर लिहिला. फेसाळणाऱ्या वाइनच्या चोवीस बाटल्या आणि व्हर्मुथच्या बारा. व्हर्मुथ म्हणजे काय हे मला त्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते. कडू मुळ्या आणि साली मुरवलेली ती एक गोडसर, तांबडी वाइन असते. फेसाळणारी वाइनही आपल्याकडे तेव्हा नुकतीच होऊ लागली होती. मी अकरा वर्षे क्लबचा खजिनदार, पण माझ्या वहीत तोवर बिअर, रम आणि व्हिस्की यापलीकडे काही लिहिले गेले नव्हते. या छत्तीस बाटल्या नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या रविवारी, दुपारच्या मेळाव्यासाठी, तुळशीदास घाडी नावाच्या माणसाने मिसळल्या. त्या माणसाविषयी हे लिहितो आहे. पुढच्या मार्चअखेर मी निवृत्त होईन. त्याआधी लिहून ठेवावे असे वाटले.

घाडी घाटकोपरला भटवाडीत, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. मूळचा कणकवलीकडचा. बाप गिरणीत होता, म्हणून हाही अठ्ठावन्न साली, अठराव्या वर्षी, लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात लागला. आधी बादल्या उचलल्या, मग भट्टीवर उभा राहिला आणि तिशीत रंग कालवण्याच्या खोलीत गेला. तिथे तो चोवीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची बारा वर्षे होता. मास्तर कापडाचा बोटभर तुकडा आणून द्यायचा, आणि घाडीने त्या तुकड्याचा रंग हौदभर करून द्यायचा. त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी कायम असत. एक, अख्खा लॉट एकदम कालवायचा. दोनदा कालवलेले दोन रंग कधी जुळत नाहीत. दुसरी, फेस येऊ द्यायचा नाही, आला तर बसवायचा. फेसाचा बुडबुडा कापडावर फुटला की तिथे फिका ठिपका राहतो आणि अख्खा तागा दुय्यम मालात जातो.

बाप एकसष्ट साली हातभट्टीची पिऊन गेला. दारूबंदीचे दिवस होते. कोणी काय पाजले याची चौकशीही झाली नाही. दिवसकार्य गावाला झाले. त्यानंतर गावकाराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले आणि एकवीस वर्षांच्या तुळशीदासने सर्वांसमक्ष शब्द दिला की दारूचा थेंब ओठाला लावणार नाही. गिरणीत पगाराच्या दिवशी काय चालते ते सर्वांना माहीत आहे. हा त्या दिवशी सरळ घरी येई.

ब्याऐंशीच्या संपात नोकरी गेली. पहिली दोन वर्षे त्याने संप मिटायची वाट पाहिली. मग चेंबूर कॅम्पातल्या एका सिंधी केटररकडे लग्नांत पाणी आणि सरबत द्यायला जाऊ लागला. एका रिसेप्शनला पेग भरणारा माणूस आला नाही. केटररने घाडीला टेबलामागे उभे केले. घाडीने पाण्याचा एक ग्लास, रमचा एक पेग आणि एक कोला मागून घेतले, एकदा मापून एक ग्लास बनवला, खिडकीकडे धरून पाहिला, आणि मग तसेच दीडशे बनवले. केटरर खूश झाला. तेव्हापासून चेंबूर-घाटकोपरच्या पार्ट्यांत घाडीला बोलावू लागले. गिरणीतून आणलेली काचेची मापाची नळी तो बरोबर नेई.

मी एकदा त्याला विचारले, "अरे, तू पीत नाहीस, मग बरोबर झालंय हे तुला कळतं कसं?"

"चव गिऱ्हाईक बघतो, भाऊ. मी रंग बघतो."

इमारतीत मी त्याचा भाऊ होतो. कंपनीच्या फाटकाच्या आत साहेब.

कंपनी आमची चेंबूरहून ट्रॉम्बेला जाणाऱ्या रस्त्यावर. पंपांचे भाग बनतात. क्लबात बारवर एक जुना माणूस होता. तो बाटलीतली प्यायचा आणि तेवढे पाणी भरायचा. सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याला काढले आणि क्लब अटेंडंटची जागा भरायचे ठरले. पगार आठशे चाळीस, भविष्य निर्वाह निधी, कंपनीच्या दवाखान्याचा लाभ. वयाची अट अठ्ठेचाळीसच्या आत. घाडीला फेब्रुवारीत अठ्ठेचाळीस पुरी होणार होती. जाहिरातीचा मसुदा मी केला आणि अट क्रमांक तीन मीच घातली: उमेदवार निर्व्यसनी असावा. ती अट मी घाडीसाठीच घातली होती. बारवर काम केलेला आणि तरीही न पिणारा माणूस मुंबईत दुसरा कुठून मिळणार?

अर्ज एकोणीस आले. समितीत आम्ही तिघे. अध्यक्ष वर्क्स मॅनेजर सबनीस, सचिव पर्सोनेलचे चंद्रप्रकाश गुप्ते आणि खजिनदार मी. गुप्ते म्हणाले, "न पिणारा बारवाला म्हणजे दाढी न करणारा न्हावी. पण पाटणकर, तुमचा माणूस आहे तर नाताळच्या मेळाव्याला उभा करा. बघू या. चांगला वाटला तर एक तारखेपासून कागद देऊन टाकू."

मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा घाडीची बायको रत्नप्रभा दारातच बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "भाऊजी, एकदा कागद हातात येऊ दे. सहा वर्सां झाली, घोव काय करता म्हणान कोणी इचारला तर काय सांगूचा तां कळणा नाय."

"अगो, सांग ना, साहेब लोकांका पाजता म्हणान," घाडी आतून म्हणाला.

"पाजतास, पण स्वता काय गिळतास तां कसां सांगू?"

दोघेही हसले. मीही हसलो. तेव्हा आम्हा तिघांना ते काम झाल्यासारखेच वाटत होते.

मेळाव्याला काय द्यायचे हे सबनीसांच्या पत्नी उत्तराबाईंनी ठरवले. कंपनीने इटलीतून यंत्रे घेतली तेव्हा ती दोघे तिकडे आठ महिने राहून आली होती. परत आल्यापासून उत्तराबाई सांगत होत्या की तिकडे नाताळात रम-बिम कोणी घेत नाही. व्हर्मुथ आणि फेसाळती वाइन एकत्र करतात, वर संत्र्याची चकती. महिनाभर कॉलनीतल्या बायकांत दुसरा विषय नव्हता. त्यांनी एका कार्डावर इंग्रजीत सुवाच्य अक्षरात कृती लिहून माझ्याकडे दिली. घाडीला इंग्रजी येत नाही, तेव्हा मराठी करायचे काम माझ्याकडे आले.

मी कॉमर्सचा माणूस. कार्डावर एका ग्लासाची कृती होती. मला हवे होते नव्वद माणसांचे, माणशी दोन ग्लास. मी कागदावर मांडले: व्हर्मुथ नऊ लिटर, वाइन अठरा लिटर, एकूण सत्तावीस लिटर. दीडशे मिलीलिटरचा एक, असे ग्लास एकशे ऐंशी. संत्र्याच्या चकत्या एकशे ऐंशी. बर्फाच्या लाद्या दोन. खाली रेघ मारली आणि कागद घाडीला दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "झकास. आमचा मास्तर असाच लिहून द्यायचा."

शनिवारी मी त्याला सबनीसांच्या बंगल्यावर नेले. उत्तराबाईंनी त्याच्यासमोर एक ग्लास बनवून दाखवला. ग्लास फसफसून वर आला. घाडीने तो हातात घेतला, उत्तरेकडच्या खिडकीशी गेला आणि थांबून राहिला.

"अहो घाडी, काय बघताय एवढं? पिण्याची गोष्ट आहे ती."

"फेस बसू दे, बाई. फेसात रंग कळत नाही."

चार-पाच मिनिटांनी फेस बसला. मग तो म्हणाला, "कळला. ही आमची एकशे सत्तेचाळीस नंबरची शेड. लुगड्याच्या काठाला चालायची." खिशातून औषधाची एक रिकामी, धुतलेली बाटली काढून त्याने त्यात थोडे ओतून घेतले. नमुना. उत्तराबाईंना फार गंमत वाटली. मलाही. त्यांनी त्या ग्लासात आधी काय ओतले आणि मग काय, हे त्याने पाहिले असणार, मीही पाहिले. पण नमुना वाटीत करतात आणि माल हौदात, हे त्याच्या हाताला चोवीस वर्षे शिकवलेले होते. आणि माझ्या कागदावर बेरीज होती.

रविवारी सकाळी साडेनऊला मी क्लबात पोचलो. एका दिवसाचा परवाना सचिवांच्या टेबलाच्या काचेखाली होता. घाडी पांढरा शर्ट घालून आधीच आला होता. लग्नात पाण्याला ठेवतात तसे नळाचे मोठे स्टीलचे पिंप त्याने भाड्याने आणवले होते, आणि ते चिंच लावून घासून, तीन पाण्यांनी धुऊन पालथे घातले होते. मी बाटल्या मोजल्या. चोवीस आणि बारा. घाडीने वाइनच्या पहिल्या बाटलीची तार सोडवली तसे बूच सुटून पंख्याच्या पात्यावर आपटले.

"आयला, साहेब, ही तर बंदूक! लायसन मागूक होया!"

दुसरीपासून त्याने फडके गुंडाळले आणि आवाज न करता बुचे काढली. व्हर्मुथ त्याने त्याआधी पिंपात ओतून घेतले होते. एकेक बाटली तो पिंपात उपडी करी, रिकामी बाटली भिंतीशी ओळीत ठेवी. मी उभा राहून वीस बाटल्या पाहिल्या. तेवढ्यात बर्फाचा टेम्पो फाटकावर आला, वॉचमन गेटपास मागू लागला आणि मला जावे लागले.

परत आलो तेव्हा पिंप भरले होते आणि घाडी लांब दांड्याच्या लाकडी पळीने ढवळत होता. शांतपणे, एकाच दिशेने. कपाळाला घाम होता.

"केवढा फेस होता, साहेब! पिंपाबाहेर येत होता. अर्धा तास गेला, पण बसवला सगळा." त्याने खिशातली बाटली काढली, नळातून ग्लासभर घेतले आणि दोन्ही शेजारी शेजारी उजेडात धरले. "बघा. फरक दाखवा. आता एकशे ऐंशीतला कुठलाही उचला, पहिला घ्या, शेवटचा घ्या."

खरोखर फरक नव्हता. मी म्हणालो, "छान झालंय." एक घोट घेऊनही पाहिला. मला बरे लागले. मी तरी फेसाळती वाइन आधी कुठे प्यायलो होतो?

साडेबाराला मंडळी जमली. एक वाजता घाडीने नव्वद ग्लास भरून ट्रे लावले. प्रत्येकात रेघ मारल्यासारखी सारखी पातळी, प्रत्येकावर चकती. दिसायला इतके सुंदर होते की बायका ट्रेपाशी थांबून पाहत होत्या. सबनीसांनी चार शब्द बोलून ग्लास उंचावला. सर्वांनी घोट घेतला.

मग दुसरा घोट कोणी घेतला नाही.

गुप्त्यांनी ग्लास खाली धरून आत पाहिले. "सबनीससाहेब, इटलीत चहा गार करून पितात का?"

पाच-सहा जण हसले. उत्तराबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी दुसरा ग्लास उचलला, घोट घेतला, तिसरा उचलला. "असं नसतं हे. बुडबुडे कुठे गेले? हे... हे नुसतं पाणी पडल्यासारखं लागतंय."

"पाणीच असेल, वहिनी," गुप्ते म्हणाले. "आमच्या क्लबाची ती जुनी परंपरा आहे. काय घाडी? जुन्या माणसाकडून चार्ज घेतला वाटतं!"

आता मोठ्याने हसले. घाडी टेबलामागे उभा होता. त्याला अजून काही कळले नव्हते. तो म्हणाला, "पाणी नाही साहेब. माप बरोबर आहे. चोवीस आणि बारा."

"बाटल्या चोवीस दिसतात रे. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडे हव्या तेवढ्या मिळतात. त्यातली वाइन कुठल्या दुकानात परत गेली, ते सांग."

घाडीने माझ्याकडे पाहिले. साहजिक होते. "साहेब होते ना, बाटल्या फोडताना. साहेबांना विचारा."

गुप्ते वळले. "पाटणकर? तुमच्या समोर उघडल्या सगळ्या?"

मी आयुष्यभर हिशेबात अंदाज लिहिलेला नाही. जे पाहिले तेवढेच लिहायचे, व्हाउचर नसेल तर नाही. नव्वद माणसे माझ्याकडे पाहत होती, आणि मी म्हणालो, "वीस माझ्यासमोर उघडल्या. चार नाही."

"चार नाही!" गुप्त्यांनी टाळी वाजवली. "ऐका. ऑडिट रिपोर्ट आला."

वीस बाटल्यांत फेस असता तर चार बाटल्यांच्या पाण्याने तो असा नाहीसा झाला नसता, एवढे साधे गणित त्या खोलीत कोणी केले नाही. मला ते घरी जाताना सुचले. तिथे मी फक्त आकडा बरोबर सांगितला.

घाडी म्हणाला, "मी चोरी केली नाही, साहेब."

"नाही ना? मग पिऊन सांग ना हे काय आहे. तू बनवलंस, तूच सांग."

"मी घेत नाही, साहेब."

"ते माहितेय. म्हणून तर आणलाय तुला. पण आज प्रश्न इज्जतीचा आहे. वहिनींच्या पण, तुझ्या पण. पी आणि सर्वांसमोर सांग, यात पाणी नाही म्हणून. एक घोट."

कोणीतरी मागून म्हणाले, "सोड ना यार गुप्ते." पण ते हळू म्हणाले. सबनीस खिडकीबाहेर पाहत होते. मीही काही बोललो नाही. खरे तर मला त्या क्षणी वाटत होते की याने प्यावे आणि हे संपावे.

घाडीने ग्लास उचलला. चकती बाजूला काढून बशीत ठेवली. मग औषध घेतात तसा तो अख्खा ग्लास न थांबता प्यायला आणि ग्लास उपडा ठेवला.

"कसं आहे?"

त्याचे डोळे पाणावले होते, ते कडूपणाने की कशाने मी सांगू शकत नाही. "माका काय ठावूक, साहेब," तो म्हणाला. "मी याच्याआधी कधी पिऊक नाय."

मोठा हशा झाला. तो गुप्त्यांच्या विनोदापेक्षा मोठा होता.

नंतर रम आणली गेली आणि मेळावा पार पडला. घाडीने जेवण घेतले नाही. पिंपात उरलेले मोरीत ओतून टाकायला त्यालाच सांगितले. सगळे ग्लास त्याने स्वतः धुऊन, पुसून, डझनाडझनाने खोक्यात भरले. एकही फुटला नाही. त्या दिवसाच्या मजुरीचे साठ रुपये मी पाकिटात घालून ठेवले होते. गुप्ते म्हणाले, "आत्ता नाही. चौकशी झाल्यावर." मी पाकीट परत पेटीत ठेवले.

निघताना उत्तराबाई माझ्यापाशी थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाटणकर, तुम्ही त्याला सांगितलं होतंत ना, वाइन शेवटी, ग्लासातच ओतायची म्हणून? कार्डावर लिहिलं होतं मी."

मी म्हणालो, "बघतो."

कार्ड घरी माझ्या टेबलाच्या खणात होते. चौथी ओळ होती. वाइन सर्वांत शेवटी, देण्याच्या क्षणी, ग्लासातच घालावी, ढवळू नये. माझ्या मराठी कागदावर ती नव्हती. ती ओळ मी वाचली नव्हती असे नाही. तिच्यात आकडा नव्हता, म्हणून मी ती घेतली नव्हती.

मंगळवारी, एकोणतीस तारखेला, सबनीसांच्या केबिनमध्ये समितीची बैठक झाली. गुप्त्यांनी इतिवृत्त आधीच टाइप करून आणले होते. चोरीचा त्यात शब्द नव्हता. तो सिद्ध करावा लागला असता. लिहिले होते एवढेच: अर्जदार तुळशीदास घाडी यांना क्लबच्या कार्यक्रमात कामावर असताना मद्यपान करताना सर्व सदस्यांनी पाहिले. सबब अट क्रमांक तीन पूर्ण होत नाही.

मी म्हणालो, "गुप्ते, तो प्यायला कारण तुम्ही त्याला प्यायला लावलंत."

"मी कोण लावणारा? मी म्हटलं, पी. त्याने नाही म्हणायचं होतं. उद्या कोणी म्हणेल, दोन बाटल्या दे घरी, तर हा देईल की." गुप्ते मनापासून बोलत होते, त्यांना ते पटलेले होते. "आणि अट तुमचीच आहे, पाटणकर."

सबनीस घड्याळाकडे पाहत म्हणाले, "हे बघा, घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललेलं नाही. मला हा विषय नको आहे. सही करा, मला प्लँटवर जायचंय."

कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होते. दाखवायचे म्हणूनच नेले होते. ते काढले असते तर चूक माझी ठरली असती, घाडीची नव्हे, आणि जागा त्याला मिळाली असती की नाही ते सांगता येत नाही. पण तो चोर आणि दारुडा दोन्ही ठरला नसता. माझ्या सेवेची तेव्हा सवादोन वर्षे उरली होती आणि छत्तीस वर्षांत माझ्या नावावर एकही चूक नव्हती. मी पेन काढले आणि सही केली.

जागा मुलुंडच्या एका माणसाला मिळाली. माणूस बरा आहे. पितो, पण क्लबात पीत नाही.

घाडीला मी सांगितले ते जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. एवढे दिवस तो समोर आला की मी जिन्याकडे वळत असे. एके सकाळी तो इमारतीच्या टाकीपाशी सायकल धूत होता. मी गेलो आणि कार्डाची गोष्ट सांगितली. ओळ चौथी, माझ्या कागदात राहून गेली, ढवळल्याने फेस गेला, पाण्याचा प्रश्नच नव्हता.

तो ऐकत राहिला. मग त्याने पहिला प्रश्न विचारला तो वाइनचा. "म्हणजे फेस ठेवायचा होता?"

"हो."

"फेसच हवा होता त्यांना." तो जरा हसला. "आणि मी अर्धा तास बसवला. अरे देवा." मग फडके पिळता पिळता त्याने विचारले, "भाऊ, हे तुमका कधी कळला? मीटिंगीच्या आधी की नंतर?"

खोटे बोलता आले असते. मी म्हणालो, "आधी."

त्याने फडके सायकलच्या दांडीवर वाळत घातले, चाक फिरवून पाहिले आणि आत गेला. त्यानंतर त्याने मला भाऊ म्हटलेले नाही. समोर आलो तर "काय साहेब," म्हणतो आणि जातो. इमारतीतसुद्धा साहेब.

मे महिन्यात तो गावाला गेला. रत्नप्रभेने माझ्या बायकोला सांगितले ते असे: देवळात पुन्हा गाऱ्हाणे घालावे लागले. गावकाराने सर्वांसमक्ष विचारले, शब्द मोडलास तो कोणाच्या सांगण्याने? कोणाचे नाव घेतले असते तर निम्मा दोष त्याच्या माथी गेला असता, तशी तिकडची रीत आहे. घाडी म्हणाला, कोणाच्या नाही, ग्लास माझ्या हाताने उचलला. नारळ, कोंबडा आणि गावजेवणाचा खर्च त्याच्या एकट्यावर पडला. त्यासाठी रत्नप्रभेच्या पाटल्यांतली एक गेली.

तो प्यायला लागला, असे काही झाले नाही. झाले असते तर गुप्त्यांना समाधान वाटले असते. त्याने पार्ट्यांचे काम सोडले. केटरर दोनदा घरी येऊन गेला. हा म्हणाला, हात बिघडला. मापाची नळी त्याने तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला प्रयोगाला देऊन टाकली. आता विक्रोळीला एका गोदामावर वॉचमन आहे, बारा तासांची पाळी, कंत्राटदाराचा माणूस. कागद नाही. अठ्ठेचाळीस उलटली आहेत.

क्लबात ती चौकशी झाली नाही. गुप्त्यांची बदली झाली, सबनीस दुसऱ्या कंपनीत गेले. पाकीट पेटीतच राहिले. ऑडिटच्या वेळी मी ती रक्कम दर वर्षी देणे म्हणून दाखवतो. समितीच्या ठरावाशिवाय ती देता येत नाही आणि असा ठराव मांडायचा तर कारण लिहावे लागेल. मागच्या गणपतीत मी माझ्या खिशातून साठ रुपये घेऊन खाली गेलो. घाडी पाळीवर होता. रत्नप्रभा दारात आली, नोटांकडे पाहिले आणि विचारले, "क्लबाचे काय?"

"नाही, माझे. पण त्याचेच ते..."

"तुमचे नको, साहेब," ती म्हणाली. तीही आता साहेब म्हणते. "क्लबान दिले, तर द्या."

मी वर आलो. ऑफिसर्स क्लबकडे तुळशीदास घाडी यांचे साठ रुपये येणे बाकी आहे.